नदी, गाळ आणि भूजल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीबद्दलच्या बहुतेक प्रश्नांमागे दोन समजुती दडलेल्या असतात. नदी म्हणजे वाहतं पाणी, ही पहिली. जमिनीखालचं पाणी हा वेगळाच मामला, ही दुसरी. दोन्ही अर्धवट आहेत. नदी पाण्याबरोबर गाळही वाहून नेते, आणि वर्षातले बरेच दिवस ती जमिनीखालच्या पाण्यावरच जगते. एवढं लक्षात ठेवून खालची उत्तरं वाचावीत. क्रमानेच वाचायला हवीत असं काही नाही.

पाऊस थांबून चार-चार महिने झाले तरी नदीला पाणी येतं कुठून?

आजूबाजूच्या जमिनीतून. पावसाचं जे पाणी मुरतं ते माती, मुरूम आणि खडकांच्या भेगांमधून हळूहळू उताराला लागतं. मग कुठे झरा होऊन, तर बऱ्याच ठिकाणी कुणाला पत्ताही न लागता, काठाच्या तळाशी आणि थेट पात्रात पाझरतं. कोरड्या दिवसांतलं नितळ पाणी बहुतांशी या पाझराचंच असतं. जिथे बर्फ वितळतो किंवा वरच्या धरणातून पाणी सोडतात, तिथला हिशेब अर्थातच वेगळा.

आज हे साधं वाटतं, पण सतराव्या शतकापर्यंत युरोपातले कितीतरी विद्वान उलटं सांगत. समुद्राचं पाणी जमिनीखालच्या वाटांनी डोंगरात चढतं, वाटेत खारटपणा सोडतं आणि झरे होऊन बाहेर पडतं, असं त्यांचं म्हणणं. एवढ्या नद्यांना नुसता पाऊस पुरणारच नाही, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. १६७४ साली पिएर पेरो या फ्रेंच माणसाने सरळ हिशेब मांडला. सीन नदीच्या उगमाकडच्या खोऱ्यावर वर्षभरात किती पाऊस पडतो आणि नदीतून किती पाणी जातं, हे त्याने ताडून पाहिलं. पाऊस नदीच्या सुमारे सहापट भरला. म्हणजे नदीला पाणी पुरतं कसं ही अडचण राहिलीच नाही. उरलेलं पाणी जातं कुठे, हे शोधायचं राहिलं. त्यातलं पुष्कळसं झाडं आणि ऊन मिळून परत आकाशात पाठवतात.

जमिनीखाली खरंच नद्या वाहतात का?

बहुतेक ठिकाणी नाही. शाळेच्या पुस्तकांतल्या चित्रांनी इथे बराच घोटाळा केलेला आहे. जमिनीच्या पोटात निळा पट्टा काढलेला असतो आणि मग तिथे तळं किंवा नदी असणार असं वाटून जातं. प्रत्यक्षात भूजल म्हणजे वाळूच्या कणांमधल्या फटी, खडकातले सांधे आणि झिजलेल्या मुरमातली छिद्रं भरून राहिलेलं पाणी. भिजलेला स्पंज डोळ्यांसमोर आणा. त्यात पाणी भरपूर असतं, पण तळं कुठेच नसतं.

हे पाणी हलतं, पण त्याची चाल वेगळी. नदीतलं पाणी सेकंदाला साधारण मीटरभर पुढे जातं. चांगल्या वाळूतलं भूजल तेवढंच अंतर कापायला एक दिवस किंवा काही आठवडे घेतं, आणि चिकणमातीत वर्षाला काही मिलिमीटर सरकलं तरी पुष्कळ. या चालीचा नियम १८५६ मध्ये ऑन्री दार्सी या इंजिनिअरने मांडला. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना त्याने वाळू भरलेल्या उभ्या नळांतून पाणी सोडून मोजमापं घेतली. निष्कर्ष असा : पाण्याच्या पातळीतला फरक दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होतो, आणि वाळूचा थर दुप्पट जाड केला तर निम्मा. भूजलाचं आजचं जवळपास सगळं गणित या एका नियमावर उभं आहे.

अपवाद आहे तो चुनखडीच्या प्रदेशाचा. तिथे खडक विरघळून बोगदे तयार होतात आणि जमिनीखाली अक्षरशः नद्या वाहतात. जर्मनीत इमेंडिंगन गावाजवळ डॅन्यूब नदीचं पाणी पात्रातल्या भेगांमधून गडप होतं, आणि वर्षातले कित्येक दिवस पुढचं पात्र चक्क कोरडं पडतं. हे पाणी जातं कुठे, यावर वाद होता. १८७७ मध्ये त्या भेगांत काही टन मीठ, खनिज तेल आणि दहा किलो चमकदार रंग ओतला गेला. सुमारे साठ तासांनी तिथून बारा किलोमीटर दूर असलेल्या आख नदीच्या झऱ्यातून हिरवंगार, खारट पाणी उसळलं. आख पुढे ऱ्हाइनच्या प्रवाहाला मिळते. एकाच नदीचं थोडं पाणी काळ्या समुद्रात आणि थोडं उत्तर समुद्रात जातं, हे लोकांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं ते असं.

भूजल किती आहे?

पृथ्वीवरच्या सगळ्या नद्यांच्या पात्रांत एका वेळी सुमारे २,१२० घनकिलोमीटर पाणी असतं. गोडं भूजल त्याच्या अंदाजे पाच हजार पट आहे. त्यातलं बरंचसं इतकं खोल किंवा इतक्या घट्ट खडकात आहे की हाती लागत नाही.

आणि ते किती जुनं असतं?

उथळ विहिरीत गेल्या पावसाळ्याचं पाणी सापडू शकतं. इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटाखाली वालुकाश्मात मात्र काही ठिकाणी लाखो वर्षांपूर्वीचं पाणी आहे. तिथली हवा आजच्याहून ओलसर होती त्या काळात ते मुरलं. आज ते उपसलं जातं, पण भर जवळजवळ पडत नाही. अशा पाण्याला झरा म्हणण्यापेक्षा खाण म्हणणं योग्य.

चिकणमाती पाणी धरून ठेवते, मग तिथे विहिरीला पाणी का लागत नाही?

कारण पाणी मावणं वेगळं आणि पाणी सुटणं वेगळं. चिकणमातीत निम्मी जागासुद्धा पोकळ असू शकते, वाळूपेक्षाही जास्त. पण तिच्या फटी इतक्या बारीक असतात की पाणी कणांना चिकटून बसतं. जाड वाळूत पोकळी कमी असली तरी फटी रुंद आणि एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून तिच्यातून पाणी मोकळं वाहतं. अग्निजन्य कातळाची तऱ्हा आणखी निराळी. अखंड दगडात पाण्याला जागाच नसते. जे काही असतं ते भेगांत, सांध्यांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. म्हणूनच अशा भागात एका विहिरीला धो धो पाणी आणि शंभर पावलांवरची दुसरी कोरडी, असं घडतं. त्यात नशिबाचा भाग कमी आणि भेगांचा जास्त.

भूजल वर कसं चढतं? काही बोअर आपोआप उसळतात ते कसं?

पाणी नेहमी खालीच जातं हे अर्धं खरं. ते जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातं. टेकडीखाली मुरलेलं पाणी आधी खोल उतरतं आणि दरीजवळ येऊन पुन्हा वर वळतं. नदीच्या तळातून ते वर पाझरतं ते याचमुळे. भूजलाची पातळीही सपाट नसते. टेकडीखाली ती फुगलेली आणि नदीपाशी उतरलेली असते, म्हणजे वरच्या जमिनीची जरा बोथट नक्कलच.

आता समजा, पाणी धरणारा थर दोन घट्ट थरांच्या मध्ये सापडला आणि त्याचं पाऊस पिणारं टोक उंचावर असलं. मग त्या थरातलं पाणी नळातल्यासारखं दाबाखाली असतं आणि बोअर मारताच वर उसळतं. फ्रान्सच्या आर्त्वा प्रांतात अशा विहिरी बाराव्या शतकापासून होत्या, त्यावरूनच त्यांना आर्टेशियन नाव पडलं. ऑस्ट्रेलियातलं ग्रेट आर्टेशियन खोरं या जातीचं जगातलं सर्वांत मोठ्या खोऱ्यांपैकी एक आहे, सुमारे १७ लाख चौरस किलोमीटरचं.

पाण्यासारखी मऊ गोष्ट दगड कापते कशी?

नुसतं पाणी फार कमी कापतं. कापतो तो त्यातला गाळ. वाळू आणि गोटे ही नदीची हत्यारं आहेत. गाळ नसलेला प्रवाह गुळगुळीत कातळावरून शतकानुशतकं वाहिला तरी फारसा ओरखडा उमटत नाही. उलट गाळ फार झाला तर तो तळावर पसरून कातळाला झाकून टाकतो, आणि कापणं थांबतं. मधल्या कुठल्यातरी प्रमाणात नदी सर्वांत जोरात खोदते.

खोदण्याच्या पद्धतीही दोन-तीन आहेत. सांधे असलेल्या कातळातून पुराचं पाणी ठोकळेच्या ठोकळे उपटून नेतं. भोवऱ्यात अडकलेले गोटे गरगरत कातळात रांजणखळगे कोरतात. निघोजजवळ कुकडीच्या पात्रात ते पाहायला मिळतात, दक्षिण आफ्रिकेत ब्लाइड नदीवरही. खळग्याच्या तळाशी कधीकधी तो गोटा अजून पडलेला असतो, झिजून गुळगुळीत झालेला. आणि जिथे खडकच विरघळणारा, तिथे रसायन काम करतं.

हे काम रोज थोडं थोडं होतं की पुरातच?

प्रामुख्याने पुरात. वेग वाढला की ताकद त्याच्या कितीतरी पटीने वाढते. एकोणिसाव्या शतकातला एक ढोबळ हिशेब असा की वेग दुप्पट झाला तर नदी ६४ पट वजनाचा दगड ढकलू शकते. प्रत्यक्षात आकडा इतका नेमका येत नाही, पण रोख बरोबर आहे. हिवाळ्यात पात्रातला जो भलामोठा दगड शेकडो वर्षं तिथेच असेल असं वाटतं, तो कदाचित मागच्या मोठ्या पुरात आलेला असतो. नदी पाहायला आपण जातो ते शांत दिवसांत. त्यामुळे तिचं खरं काम सहसा आपल्या नजरेला पडत नाही.

सर्वांत सहज काय वाहून जातं? सर्वांत बारीक कण?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. सर्वांत आधी हलते ती मध्यम बारीक वाळू, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची. त्याहून जाड कण जड म्हणून अडतात, आणि चिकणमातीचे कण त्याहून बारीक असूनही एकमेकांना धरून बसतात, म्हणून अडतात. स्वीडनच्या फिलिप युलस्ट्रॉम याने १९३५ मध्ये याचा आलेख मांडला. गंमत पुढे आहे : चिकणमातीचा कण एकदा सुटला की तो खाली बसायला तयार नसतो, आणि अगदी मंद पाण्यातही समुद्रापर्यंत जातो. म्हणून नदीच्या वरच्या अंगाला गोटे, मध्ये वाळू आणि मुखाशी चिखल अशी वाटणी दिसते.

नदी सरळ का वाहत नाही?

कारण सरळ वाहणं फार काळ टिकत नाही. पात्रात कुठेतरी वाळूचा ढीग बसतो, एखादं झाड आडवं पडतं, किंवा एक काठ दुसऱ्यापेक्षा थोडा मऊ असतो. प्रवाह जरासा एका बाजूला वळतो आणि तिथून पुढे वळण स्वतःच स्वतःला वाढवत जातं.

वळणावर वेगवान पाणी बाहेरच्या काठावर आदळतं, त्यामुळे तिथली पातळी किंचित चढते. तळाशी घर्षणाने मंदावलेलं पाणी मात्र या चढाला तोंड देऊ शकत नाही आणि आतल्या काठाकडे ढकललं जातं. म्हणजे वरचं पाणी बाहेर, तळचं पाणी आत, असा पीळ पडतो. बाहेरचा काठ कापला जातो, तिथे डोह होतो. तिथली वाळू पुढच्या वळणाच्या आतल्या काठावर जाऊन साचते. कपातला चहा ढवळला की पत्ती कडेला न जाता मधोमध गोळा होते, त्याचं कारणही हाच पीळ. हा संबंध दाखवणारा छोटासा लेख १९२६ मध्ये आइनस्टाइनने लिहिला होता. सापेक्षतेच्या सिद्धान्तापेक्षा तो समजायला कितीतरी सोपा आहे.

वळण वाढत वाढत शेवटी त्याची दोन टोकं जवळ येतात. मग एखाद्या पुरात नदी मधली मान कापून सरळ निघून जाते आणि जुनं वळण नालाकृती तळं होऊन मागे पडतं. एप्रिल १८७६ मध्ये मिसिसिपीने असं केलं, आणि विक्सबर्ग हे भरभराटीचं बंदर रातोरात मुख्य नदीपासून तुटलं. पुढे याझू ही शेजारची नदी कालव्याने वळवून १९०३ मध्ये शहराला पुन्हा पाणी आणून दिलं.

नदी आपलं पात्र पूर्णपणे सोडून दुसरीकडे जाते, असं खरंच होतं?

होतं, आणि वळण बदलण्यापेक्षा हे फार मोठं प्रकरण असतं. गाळाने लदलेली नदी डोंगरातून सपाटीवर आली की तिचा उतार संपतो आणि ती गाळ टाकायला लागते. पुराचं पाणी काठ ओलांडतं तेव्हा जाड गाळ काठालगतच बसतो, त्यामुळे काठ उंच होत जातात. तळही भरत जातो. हळूहळू नदी आसपासच्या मैदानाहून उंचावरून वाहू लागते. अशा स्थितीत एक भगदाड पुरतं.

चीनच्या पीत नदीने १८५५ मध्ये काठ फोडला आणि तिचं मुख शानडोंग द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडून उत्तरेकडे, शेकडो किलोमीटर दूर गेलं. कोसी नदी गेल्या दोन-अडीचशे वर्षांत शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेकडे सरकत गेली होती. विसाव्या शतकाच्या मध्याला तिला बांधांमध्ये कोंडलं गेलं. मग जो गाळ मैदानभर पसरला असता तो बांधांच्या आतच साठत राहिला. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमध्ये कुसहा इथे बांध फुटला आणि नदी पूर्वेकडच्या जुन्या वाटांनी धावली. त्या दिवशी नदीत जेवढं पाणी होतं ते बांधाच्या क्षमतेच्या एक-पंचमांशाहून कमी होतं. या घटनेला 'अतिवृष्टीचा पूर' म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. तळ भरून आला होता, ते पाण्याच्या आकड्यांत दिसत नव्हतं.

धबधबा मागे सरकतो म्हणजे काय?

वर कठीण खडक आणि खाली मऊ, अशी रचना असली की पडतं पाणी खालचा थर पोखरतं, वरचा छज्जासारखा उरतो आणि एक दिवस कोसळतो. नायगारा असा सुमारे बारा हजार वर्षांत जवळपास ११ किलोमीटर मागे आला आहे. आता बरंच पाणी वीजनिर्मितीसाठी वळवल्यामुळे त्याची पिछेहाट खूप मंदावली आहे.

डोंगररांग आडवी असताना नदी तिला चिरून आरपार कशी गेली?

बऱ्याचदा नदी आधीची आणि डोंगर नंतरचा असतो. सिंधू आणि सतलज या हिमालय उंचावण्याआधीपासून वाहत होत्या. जमीन जशी वर आली तशा त्या कापत राहिल्या. लाकूड वर सरकवावं आणि करवत जागच्या जागी चालू राहावी, तसं.

भूजल जमिनीला आकार देतं, की तो मान फक्त नदीचा?

भूजलाचं काम तितकंच मोठं आहे, फक्त ते आतून चालतं. पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून कितीतरी जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं. चुनखडीत शिरलं की ते भेगा रुंदावत नेतं, लाखो वर्षांत त्यांच्या गुहा होतात. अमेरिकेतल्या मॅमथ गुहेचे साडेसहाशे किलोमीटरहून अधिक मार्ग मोजून झालेत. गुहेचं छत पातळ होऊन ढासळलं की वर खड्डा पडतो. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पावर असे हजारो पाण्याने भरलेले खड्डे आहेत, आणि जमिनीवर नदी म्हणावी अशी जवळपास नाहीच; सगळी वाहतूक खालून.

उतारावर भूजलाचं दुसरं रूप दिसतं. जमिनीतलं पाणी वाढलं की कणांमधला दाब वाढतो, कण एकमेकांवरची पकड सोडतात आणि अख्खा उतार घसरतो. दरड पावसाने कोसळली असं आपण म्हणतो. कोसळवणारं पाणी बहुतेक वेळा आधीच आत मुरलेलं असतं. इटलीत व्हायोंत धरणाच्या जलाशयात पाणी चढवलं गेलं, तेव्हा लगतच्या डोंगरात शिरलेल्या पाण्याच्या दाबाचा तो प्रचंड उतार सुटण्यात मोठा वाटा होता. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री तो जलाशयात कोसळला, पाणी धरणावरून उसळलं आणि सुमारे दोन हजार माणसं गेली. धरणाची भिंत मात्र आजही उभी आहे.

पाणी उपसल्याने जमीन खचते का?

खचते. थरांवरचं ओझं कण आणि फटींतलं पाणी मिळून पेलत असतात. पाणी काढलं की सगळा भार कणांवर येतो. वाळू तो बऱ्यापैकी सोसते, पण चिकणमातीचे थर दबून चपटे होतात, आणि नंतर पाणी परत भरलं तरी ते पुन्हा फुगत नाहीत. ती साठवण कायमची जाते. कॅलिफोर्नियाच्या सान वाकीन खोऱ्यात १९२५ ते १९७७ या काळात एका जागी जमीन जवळजवळ नऊ मीटर खाली गेली. मेक्सिको सिटी आणि जाकार्ता अजूनही खचत आहेत.

नदीकाठच्या बोअरचं पाणी नदीचं की जमिनीचं?

सुरुवातीला जमिनीचं, पुढे नदीचं. अमेरिकी भूजलतज्ज्ञ चार्ल्स थाइस याने १९४० मध्ये हे स्पष्ट मांडलं : बोअर आधी आसपासची साठवण रिकामी करते, आणि मग जे पाणी नदीकडे किंवा झऱ्याकडे जायचं तेच वाटेत अडवू लागते. उपसा फार झाला तर प्रवाह उलटतो आणि नदीच जमिनीत मुरू लागते. नदीपासून दूरच्या बोअरचा परिणाम पोहोचायला काही वर्षं लागतात, आणि पंप बंद केल्यावरही तो तितकाच रेंगाळतो. त्यामुळे नदी आटल्यावर दोषी शोधायला निघालेल्यांना त्या वर्षीचा पाऊस दिसतो, वीस वर्षांपूर्वीची बोअर दिसत नाही.

धरणाच्या खाली नदी का खोदली जाते?

धरण पाणी सोडतं, गाळ अडवतं. हलकं झालेलं पाणी पुढच्या पात्रातून आणि काठातून गाळ उचलून आपली उणीव भरून काढतं. मुखाकडे उलट हाल होतात. १९७० मध्ये आस्वानचं मोठं धरण पूर्ण झाल्यावर नाईलचा गाळ समुद्राकडे जाणं जवळपास थांबलं, आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा लाटांनी खाल्ला जाऊ लागला. त्रिभुज प्रदेश स्वतःच्या वजनाने सतत थोडा खाली बसत असतो. वरून गाळ येत राहिला तरच तो पाण्यावर राहतो.

पात्रातली वाळू काढली तर काय बिघडतं? ती पुन्हा येतेच ना?

येते, पण वर्षानुवर्षांची आवक काही महिन्यांत उचलली तर नदी ती जागा दुसरीकडून भरते. खड्ड्याच्या वरच्या कडेला उतार अचानक तीव्र होतो, तिथला तळ कापला जातो, आणि ही पायरी मागे मागे सरकत पुलाच्या पायापर्यंत, पुढे उपनद्यांमध्येही पोहोचते. तळ मीटरभर उतरला की काठच्या भूजलालाही तेवढीच खालची वाट मोकळी होते. पाणी लवकर निथळून जातं आणि काठच्या विहिरींची पातळी पात्राच्या मागोमाग उतरते. शिवाय वाळूचा थर स्वतःच पाणी साठवतो. वरून कोरड्या दिसणाऱ्या पात्रात हातभर उकरलं की पाणी लागतं ते त्याच्यामुळे. वाळू गेली की खाली नुसता कातळ उरतो.